ऑरेगॉनच्या घटनेंतील एक रद्द कलम

जुन्या पोथीचें पान उजेडासमोर धरलें असतां हरताळ लावून झांकलेलीं अक्षरें पुष्कळदां वाचतां येतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगॉनच्या राज्यघटनेंत असेंच एक कलम होतें. आज त्या प्रांतांत कोण राहतो व कोण राहत नाहीं, याचा बराच उलगडा त्यावरून होतो.

१८५७ च्या नोव्हेंबरांत ही घटना लोकमतास घातली, तेव्हां दोन प्रश्न निराळे विचारले होते. गुलामगिरी असावी काय? अनुकूल २६४५, प्रतिकूल ७७२७. स्वतंत्र कृष्णवर्णीयांस प्रांतांत येऊं द्यावें काय? अनुकूल १०८१, प्रतिकूल ८६४०. म्हणजे गुलामगिरी नाकारणाऱ्या बहुतेकांस स्वतंत्र कृष्णवर्णीय शेजारीही नको होता. गुलामगिरीच्या निषेधावरून समतेचें अनुमान काढणारांनीं हे आंकडे शेजारीं मांडून पाहावे. असें कलम घेऊन संघराज्यांत शिरलेलें (१८५९) गुलामगिरी नसलेलें हें एकमेव संस्थान होय.

अंमल मात्र क्वचितच झाला. १८४९ च्या पूर्वींच्या कायद्याखालीं जेकब व्हँडरपूल यास १८५१ सालीं हद्दपार केलें, तेवढें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मग परिणाम घडला कसा? आमच्या मतें, कायद्याचें काम शिपायानें नव्हे, तर त्याच्या वार्तेनें केलें. १८४४ च्या कायद्यांत, मुदतींत प्रांत न सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांस फटक्यांची शिक्षा सांगितली होती. ती अंमलांत येण्यापूर्वींच तो रद्द झाला. तरी मिसूरीहून कुटुंबासह आलेला जॉर्ज बुश हा शेतकरी कोलंबिया नदी ओलांडून उत्तरेस, आजच्या वॉशिंग्टन संस्थानांत, जाऊन वसला. जे घरून निघालेच नाहींत, त्यांची नोंद कोणत्या दप्तरांत सांपडावी?

१८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें कलम निर्जीव झालें; खोडलें गेलें १९२६ सालीं. इतर वंशवाचक शब्द २००२ पर्यंत घटनेंत होते, व ते काढण्यासही त्या वर्षीं शेंकडा सुमारें २९ मतदारांनीं विरोध केला. निरुपयोगी अक्षरांविषयीं एवढी आस्था आम्हांस पोथीसंग्राहकांतही आढळली नाहीं!

२०२० च्या खानेसुमारींत कृष्णवर्णीयांचें प्रमाण देशांत शेंकडा सुमारें १२, ऑरेगॉनांत अवघें २. तेथील पोर्टलंड शहर उदारमतवादी म्हणून ख्यात आहे. परंतु शेजारीच विरळा, तेथें या औदार्याची कसोटी लागावी कशी? जेथें ती लागली, तेथील वृत्त निराळें आहे. १९१९ सालीं शहरांतील घरविक्री दलालांच्या मंडळानें गोऱ्यांच्या वस्तींत कृष्णवर्णीयांस वा चिन्यांस घर विकणें अनुचित ठरविलें. दुसऱ्या महायुद्धांत जहाजबांधणीसाठीं आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांपैकीं पुष्कळांस शहराबाहेरील व्हॅनपोर्टांत जागा मिळाली. तें ३० मे १९४८ च्या पुरांत वाहून गेलें. उरली अल्बिना पेठ. तेथेंही पुढें महामार्ग व रुग्णालयाचा विस्तार यांसाठीं शेंकडों घरें पाडण्यांत आलीं. विस्ताराचा पैसा मध्येंच आटला, आणि त्यांतील बरीच जमीन कित्येक दशकें मोकळीच पडून राहिली.