मरू देणे म्हणजे मारणे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

औंढ्याला पाहुणा आला की त्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यावेच लागते. तळघरासारख्या अरुंद गाभाऱ्यात वाकून उतरायचे, पिंडीवर डोके टेकवायचे आणि घाम पुसत वर यायचे. वर आल्यावर मी पाहुण्याला विसोबा खेचरांची गोष्ट सांगतो. बहुतेकांना ती ठाऊक असते. तरी सांगतो, कारण कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना वर्षाच्या पहिल्या तासाला मी हीच गोष्ट सांगत आलो.

परंपरा अशी, की गुरूच्या शोधात नामदेव इथे आले, तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव रागावले. म्हातारा म्हणाला, मला उठवत नाही बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. भाविक मंडळी पुढच्या चमत्काराची वाट बघतात. मी मुलांना इथेच थांबवायचो. विसोबांनी काय केले बघा. ‘देवावर पाय ठेवू नयेत’ हे नामदेवांचे म्हणणे त्यांनी खोडले नाही. पण देव नाही अशीही एखादी जागा असते, हे नामदेवांनी न बोलता धरून चालले होते. विसोबांनी नेमके तेवढ्यावर बोट ठेवले. वाद घालताना समोरच्याच्या निष्कर्षाशी झटापट करण्याऐवजी त्याचे न बोललेले विधान शोधावे, हा तर्कशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम आहे.

वर्गात हे सोपे असते. काही वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहून ते करण्याची पाळी आली.

माझे काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. अर्धांगाचा दुसरा झटका आला म्हणून नांदेडला नेले, तिथे न्यूमोनिया झाला आणि मूत्रपिंडांनी काम थांबवले. डॉक्टर म्हणाले, हैदराबादला न्या, व्हेंटिलेटरवर ठेवून डायलिसिस करता येईल. पण माणूस पहिल्यासारखा होईल असे मी सांगणार नाही. संध्याकाळपर्यंत ठरवा.

आक्का, म्हणजे काकांची थोरली मुलगी, म्हणाली, “नेलं नाही तर आपणच मारल्यासारखं झालं.” तिचा धाकटा भाऊ दत्ता चार रात्री झोपला नव्हता. तो म्हणाला, “किती हाल बघायचे? एक इंजेक्शन द्या म्हणावं अन् मोकळं करा त्यांना.” मग रस्त्याकडेची दोन एकर विकायची गोष्ट निघाली. शेवटी दोघे माझ्याकडे वळले. “भाऊ, तुम्ही जन्मभर हेच शिकवलं ना? मग सांगा.”

आक्काचे म्हणणे फळ्यावर लिहिले तर असे दिसेल : ज्याने मृत्यू लवकर येतो ते करणे म्हणजे मारणे. हैदराबादला न नेल्याने मृत्यू लवकर येईल. म्हणून न नेणे म्हणजे मारणे. बांधणीत चूक नाही. पहिली दोन विधाने मान्य केली की तिसऱ्यातून सुटका नाही. पण पहिले विधान खरे आहे का? धोक्याचे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या हातून टेबलावर रोगी दगावतो. मृत्यू लवकर आला, तरी त्या सर्जनला आपण खुनी म्हणत नाही. म्हणजे विधान फार ढोबळ झाले.

दत्ताचे म्हणणे : हाल थांबणे चांगले, मृत्यूने हाल थांबतील, म्हणून मृत्यू घडवून आणणे चांगले. इथे मधले एक विधान गिळले आहे, की ज्या मार्गाने चांगली गोष्ट साधते तो मार्गही चांगलाच असतो. हेच जर खरे, तर घरची गरिबी घालवायला घातलेला दरोडाही चांगला ठरेल.

दोघांच्याही युक्तिवादात भोक होते, पण भोक दाखवल्याने संध्याकाळपर्यंतचा निर्णय होत नव्हता. तेव्हा मला एम. ए.ला वाचलेले कॅथलिक नीतिशास्त्र आठवले. मी ख्रिस्ती नाही. २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, झालेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते, एवढीच आपल्याकडे अनेकांना या पंथाची ओळख. पण ‘मारणे’ आणि ‘मरू देणे’ यांवर जगात ज्यांनी फार बारकाईने विचार केला, त्यांत ही मंडळी पुढे आहेत.

सुरुवात सेंट थॉमस अक्वायनसपासून होते. तो १२७४ मध्ये वारला. नामदेवांचा जन्म १२७० चा, म्हणजे चार वर्षे दोघे एकाच जगात होते. स्वतःचा जीव वाचवताना हल्लेखोर मेला तर ते पाप का, असा त्याच्यापुढे प्रश्न होता. त्याने म्हटले, एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात. एक आपल्याला हवा असतो आणि दुसरा आपल्या हेतूबाहेरचा असतो. यातूनच पुढे द्विपरिणामाचे तत्त्व बांधले गेले. कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचा असावा. वाईट परिणाम दिसत असला तरी तो चांगल्यापर्यंत पोचण्याची शिडी नसावी. आणि मिळणारे भले त्या नुकसानीच्या तोलाचे असावे. वेदनेने तळमळणाऱ्या कर्करोग्याला मॉर्फिन दिले आणि त्याने आयुष्य थोडे घटले, तरी ते मारणे नव्हे, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये सांगितले, ते याच आधारावर. दत्ताच्या इंजेक्शनात मात्र मृत्यू हीच शिडी होती. रोगी मेला नाही, तर हालही थांबत नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना याच पोपनी आमच्या व्हरांड्याच्या अगदी जवळची गोष्ट सांगितली. जीव टिकवण्यासाठी साधारण उपाय करणे कर्तव्य आहे; असाधारण उपाय करण्याची सक्ती नाही. साधारण कशाला म्हणायचे, याची त्यांनी यादी दिली नाही. माणूस, ठिकाण, काळ आणि संस्कृती बघून ते ठरते, आणि ज्याचा स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड बोजा पडत नाही तो साधारण. इथला ‘दुसऱ्यावर’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. १९८० च्या चर्चच्या घोषणापत्रात तर स्पष्टच म्हटले आहे, की घरच्यांवर फार मोठा खर्च पडू नये ही इच्छासुद्धा उपचार नाकारायला रास्त कारण असू शकते. दोन एकराचा विचार करणे म्हणजे बापाचा सौदा करणे, असे आपल्याकडे पटकन बोलले जाते. या विषयात सर्वांत कडक समजले जाणारे लोक तसे म्हणत नाहीत.

पण ते एका बाबतीत आपल्या कायद्याहून वेगळे आहेत. परिचारिका अरुणा शानबाग आठवा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली; जवळजवळ ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांनी तिला भरवले, तिची कूस बदलली. तिचे अन्न थांबवावे यासाठी पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, कारण ज्यांनी तिला सांभाळले त्या रुग्णालयाच्या लोकांना ती जगायला हवी होती. मात्र त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला वाट मिळाली; २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती पक्की केली आणि २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सोपी झाली. कायद्याने भेद केला तो सक्रिय आणि निष्क्रिय असा.

हा भेद टिकत नाही, असे जेम्स रेचल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७५ मध्येच लिहिले होते. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. वाटणीच्या लोभाने एकाने पुतण्याला विहिरीत ढकलले. दुसऱ्याचा पुतण्या पाय घसरून पडला आणि तो काठावर दोर धरून बघत बसला. दुसऱ्याने काहीच केले नाही, म्हणून तो बरा का? गंमत अशी, की कॅथलिक विचारही इथे ‘नाही’च म्हणतो. १९८० च्या घोषणापत्रातील दयामरणाच्या व्याख्येत करणे आणि न करणे दोन्ही येते. मृत्यू घडावा हा हेतू असला म्हणजे पुरे. म्हणून उपचार थांबवता येतात, पण भुकेने मरावे म्हणून नळीतले अन्न-पाणी तोडता येत नाही. ते देणे हे तत्त्वतः साधारण कर्तव्यच आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये सांगितले. मला स्वतःला हे सरसकट लागू करणे जड वाटते. पण त्या संध्याकाळी याच भेदाने आमची गाडी पुढे सरकली.

मी आक्काला म्हटले, हैदराबाद नको, पण नाकातली नळी राहू दे. पेज, पाणी, दुखण्यावरचे औषध, काही तोडायचे नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पाणी मी देईन.” दत्ताने विचारले, “अन् हे मारणं नाही कशावरून?” मी त्याला एक कसोटी सांगितली. समजा काका यातून उठले. आपला बेत फसला असे वाटेल का? इंजेक्शन देणाऱ्याचा फसेल. आपला फसता कामा नये.

घरी आणल्यावर सहाव्या दिवशी काकांनी डोळे उघडले आणि आक्काकडे बघून ओठ हलवले. चहा मागतात, ती म्हणाली. दत्ता चपला न घालता दूध आणायला पळाला. आक्काने चहात बोट बुडवून त्यांच्या ओठांना लावले. मला आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर त्याच्या पाठोपाठ ‘अजून किती दिवस?’ असेही मनात येऊन गेले. त्या दुसऱ्या विचाराला हेतू म्हणायचे की नुसता थकवा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. काका त्यानंतर तेरा दिवस होते.