आवाजाची दुरुस्ती (लेखांक ९) : धप्प, टक् आणि खरखर

गणपतीत बोईसरच्या एका मंडळात ऐन आरतीला वीज गेली. जनरेटर लागला, माळा पेटल्या आणि दोन्ही स्पीकरांतून असा 'धप्प' आला की पुढे बसलेल्या आजींच्या हातातलं निरांजन हललं. आरती पुन्हा सुरू झाली, पण उजव्या पेटीतून टाळ ऐकूच येईनात. ट्वीटर गेला होता. साउंडवाला म्हणाला, "दादा, जनरेटरने खाल्ला." मला ते पटलं नाही. मिक्सर आणि ॲम्प एकाच बोर्डावर होते, वीज परत आल्यावर दोन्ही एकदमच जागे झाले. मिक्सर जागा होताना जो धक्का देतो, तो ॲम्पने इमानेइतबारे मोठा करून स्पीकरला दिला. म्हणूनच चालू करताना ॲम्प शेवटी आणि बंद करताना ॲम्प आधी. वीज गेली की पहिला हात ॲम्पच्या स्विचवर जायला हवा, जनरेटरच्या दोरीवर नंतर.

मागच्या आठवड्यात आपण हम पाहिला, सतत चालणारी गुणगुण. आजचे आवाज क्षणात येऊन जातात, त्यामुळे पकडायला जास्त अवघड.

ॲम्प एकटाच असला तरी धप्प होतो. २४ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर चालणारा जुना ॲम्प घ्या. त्याचं आउटपुट शांत असताना १२ व्होल्टवर उभं असतं आणि ते १२ व्होल्ट स्पीकरमध्ये शिरू नयेत म्हणून मध्ये २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. स्विच दाबताना हा कंडेन्सर रिकामा असतो. तो भरायचा कुठून? स्पीकरमधूनच. आउटपुट एका झटक्यात १२ व्होल्टवर गेलं तर ८ ओहमच्या स्पीकरमधून पहिल्या क्षणी दीड ॲम्पियर जातो आणि कोन पुढे उडतो. तेच आउटपुट एका सेकंदात सावकाश चढवलं, तर करंट भरतो जेमतेम २६ मिलिॲम्पियर. कान लावून बसलात तरच काहीतरी कळेल. म्हणजे दुरुस्ती मोठ्या कंडेन्सरमध्ये नाही. बायसच्या रजिस्टन्सजवळ एक छोटा कंडेन्सर लावून आउटपुटला धिम्या पावलांनी वर आणायचं आहे.

बाजारात जास्त दिसतात ते १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरवरचे ॲम्प. तिथे आउटपुट शून्यावर असतं, मोठा कंडेन्सर नसतो. पण प्लस आणि मायनस सप्लाय बरोबरीने चढत-उतरत नाहीत. एक पाय घसरला की आउटपुट तिकडे कलतं. यावरचा उपाय रिले : तीन-चार सेकंद स्पीकर बाहेर ठेवायचा, आतली गडबड थांबली की जोडायचा. हे बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती बंद करताना. रिलेला वीज मुख्य सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवरून दिली, तर स्विच बंद झाल्यावरही रिले तसाच धरून राहतो आणि ॲम्प कोसळतानाचा सगळा तमाशा स्पीकरला ऐकवतो. रिलेसाठी वेगळा डायोड आणि लहान कंडेन्सर द्या, म्हणजे एसी गेल्याबरोबर तो सुटेल. यूपीसी १२३७ या आयसीत एसी गेल्याची खबर घेणारी पिन असते ती याचसाठी. ती मोकळी सोडलेले कितीतरी बोर्ड मी पाहिलेत.

आता टक्. ॲम्प मजेत चालू आहे, गाणं लागलंय, आणि मध्येच टक्. आमच्याकडे याचं मूळ बहुधा ॲम्पमध्ये नसतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून दाराशी उभं आहे, पण ती वीज जाते ग्रिडमध्ये. आपल्या वायरवर मात्र शेजारच्या वर्कशॉपचं वेल्डिंग, पाण्याचा पंप आणि घरातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅट यांची ठिणगी येते. त्यामुळे आधी व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. टक् तरीही तेवढाच राहिला, तर तो व्हॉल्यूमच्या पुढे किंवा सप्लायमधून शिरतोय. कमी झाला, तर आधीच्या वायरींकडे बघा. एवढी एक परीक्षा न करता लोक आयसी बदलतात आणि पैसे घालवतात.

ठिणगी स्विचचीच असेल, तर स्विचच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि १०० ओहमचा रजिस्टन्स मालिकेत जोडतात. कंडेन्सर एक्स-२ जातीचाच हवा. साधा बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर स्विच बंद दिसूनही ॲम्पला वीज जात राहील, असं काम कुणाच्या घरी करू नये.

खरखर हा खास किनाऱ्याचा रोग. चिंचणी, सातपाटीकडून आलेल्या पेट्यांचे जॅक हिरवे पडलेले असतात. व्हॉल्यूम फिरवला की चिवडा खाल्ल्यासारखा आवाज. स्प्रे मारला की बरं वाटतं. पण आठवड्याभरात खरखर परत आली, तर व्हॉल्यूमच्या मधल्या पायावर मीटर लावून डीसी पाहा. सिग्नल बंद असताना तिथे डीसी सापडला, तर मागचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. पॉट कितीही नवा टाका, तोही खरखरेल.

त्या मंडळाच्या ॲम्पमध्ये नंतर रिले बसवला, मिक्सरचा स्विच वेगळा केला. चार दिवसांनी साउंडवाल्याचा फोन : "दादा, धप्प गेला, पण चालू केल्यावर तीन सेकंदांनी टक् येतोच." मी म्हटलं, स्पीकरची वायर काढून परत चालू कर. टक् आला. तो पेटीतून येत नव्हता, ॲम्पच्या डब्यात रिले चिकटतानाचा होता.