स्क्रोल करणारा अंगठा आणि मेंदूतला नकाशा

कर्जत ते सीएसएमटी म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, लोकलने साधारण दोन तास. मी याच मार्गावरचा प्रवासी. डब्यात बघितलं तर बहुतेकांचे अंगठे स्क्रीनवर सतत चालू असतात. मग या अंगठ्यांची मेंदूत काही नोंद होते का? होते, आणि ती मोजलीही गेली आहे.

स्पर्श कुठे पोचतो?

बोट काचेला टेकलं की कातडीतल्या संवेदकांकडून सिग्नल निघतो. नसा, मग मणक्यातला मज्जारज्जू असं करत तो मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये जातो. उजव्या हाताचा सिग्नल डाव्या बाजूला, डाव्याचा उजव्या बाजूला. डोक्यावर आपण हेअरबँड लावतो, साधारण तिथे आत स्पर्शाची पट्टी असते. तिच्यावर अख्ख्या शरीराचा नकाशा आहे, पण प्रमाणात नाही: बोटं आणि ओठ यांना भरपूर जागा, पाठीला अगदी थोडी.

घरी करून बघा. कागदाची क्लिप उलगडून तिची दोन टोकं ५ मिलिमीटर अंतरावर ठेवा. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि ती हलकेच बोटाच्या टोकाला लावा. त्याला दोन टोकं कळतील. तीच पाठीला लावा, एकच टोक वाटेल.

फोनचा काय संबंध?

झुरिकच्या संशोधक गटाने ३७ जणांची तपासणी केली. २६ जण टचस्क्रीन फोनवाले, ११ जण जुन्या बटणांच्या फोनवाले. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून, म्हणजे ईईजी काढून, बोटांच्या टोकांना हलका स्पर्श केला. २०१५ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: टचस्क्रीनवाल्यांचा कॉर्टेक्स जास्त जोरात प्रतिसाद देत होता. अंगठ्याचा प्रतिसाद तर फोनच्या बॅटरीच्या नोंदीत दिसणाऱ्या वापराशी जुळत होता. जोरदार वापर जितका अलीकडचा, तितका सिग्नल मोठा.

याचा अर्थ 'फोनमुळे मेंदू बिघडतो' असा नाही. 'मेंदू तल्लख होतो' असाही नाही. हा नकाशा दगडावर कोरलेला नाही, वापराप्रमाणे तो बदलतो, एवढंच यातून दिसतं. १९९५ साली व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांबद्दलही असंच आढळलं होतं.

आपल्याकडे खालापूर-कर्जतच्या शेतात भाताची लावणी करताना बोटं न बघता मुठीतून दोन-तीन रोपं वेगळी काढतात. त्या हातांचा ईईजी कोणी काढलाय असं माझ्या वाचनात नाही, पण सरावाचा नियम त्यांना वेगळा असायचं कारण नाही.

म्हणून पुढच्या वेळी रील सरकवताना एवढं लक्षात ठेवा: बोटांना तुम्ही रोज जे काम देता, मेंदू त्याचीच तयारी करतो. तबला, शिवणकाम, चित्रकला, काहीही चालेल. काम कोणतं द्यायचं, ते मात्र तुम्हीच ठरवता.