विमा कंपनीने भरपाई दिली, म्हणून ट्रान्सपोर्टवाला सुटतो?

‘पार्टीला विम्याचे पैसे मिळालेत, आता आमच्याकडे कसले मागता?’ वाहतुकीत माल खराब झाला आणि क्लेम मंजूर झाला, की ट्रान्सपोर्टवाल्याचा हा सवाल ठरलेला. वाईट याचं वाटतं, की कारखानदारही त्याला मान डोलावतो आणि विषय संपला असं समजून फाइल बंद करतो.

विषय संपलेला नसतो. विमा हा पॉलिसीधारक आणि कंपनी यांच्यातला करार आहे. ज्याच्या हलगर्जीपणाने नुकसान झालं, त्याने या विम्याचा एक रुपयाही हप्ता भरलेला नसतो. मग विम्याच्या आड तो लपणार कसा? भरपाई दिल्यावर पॉलिसीधारकाचा वसुलीचा हक्क कंपनीला वापरता येतो. यालाच सब्रोगेशन म्हणतात. सागरी विम्यापुरता हा हक्क 1963 च्या कायद्याच्या कलम 79 मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे.

‘पैसे मिळालेत’ हा बचावही नवा नाही. जून 1780 मध्ये लंडनच्या गॉर्डन दंगलींत जमावाने घरं पाडली. अशा एका घराची भरपाई देऊन विमा कंपनीने घरमालकाच्या नावाने दावा लावला. प्रतिवादी होते त्या भागातले रहिवासी, कारण दंगलीतल्या नुकसानीची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर होती. मालकाला पैसे पोचलेत, असं त्यांनी सांगून पाहिलं. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या न्यायालयाने 1782 मध्ये, मेसन विरुद्ध सेन्सबरी खटल्यात, ते ऐकलं नाही.

भारतात गोंधळ वाढला तो 2000 मध्ये. ओबेराय फॉरवर्डिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची ग्राहक तक्रार टिकत नाही, असं ठरवलं आणि वाहतूकदारांना आयतं हत्यार मिळालं. ते बोथट झालं 17 फेब्रुवारी 2010 रोजी. चरण स्पिनिंग मिल्सचं कोलकात्याला निघालेलं होजिअरीचं सूत 1995 मध्ये अपघातात खराब झालं होतं. नॅशनल इन्शुरन्सने 4,47,436 रुपये दिले होते. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वाहतूकदाराचं अपील फेटाळलं. सब्रोगेशनमध्ये दावा पॉलिसीधारकाच्या नावाने, किंवा त्याने आणि कंपनीने मिळून लावता येतो, हे या निकालाने पक्कं केलं.

अशा वसुलीवर वकिलांच्या मोठ्या फर्म उभ्या राहिल्या आहेत. फिलाडेल्फियात 1970 साली सुरू झालेल्या कोझेन ओकॉनरची ओळखच या कामातून झाली. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमा कंपन्यांनी अब्जावधी डॉलर चुकते केले. त्यांच्या वतीने या फर्मने 2003 मध्ये सौदी अरेबियासह अनेकांवर दावा लावला. त्यातली सौदी सरकारविरुद्धची लढाई वीस वर्षांहून अधिक काळ चालली.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘वसूल झालेली सगळी रक्कम कंपनीची.’ चूक. 1945 मधल्या जहाजांच्या टकरीच्या एका प्रकरणात विमा कंपनीने 72,000 पौंड दिले होते. पुढे पौंडाचं अवमूल्यन झालं आणि वसुली सुमारे 1,27,000 पौंडांवर गेली. इंग्लंडच्या न्यायालयाने 1961 मध्ये कंपनीला तिचे 72,000 तेवढे दिले. वरची रक्कम जहाजमालकाकडे राहिली.

‘आयुर्विम्यालाही हेच लागू.’ नाही. सब्रोगेशन फक्त नुकसानभरपाईच्या विम्यात असतं.

‘वाहतूकदाराला माफीचं पत्र लिहून दिलं तरी बिघडत नाही.’ चांगलंच बिघडतं. पॉलिसीधारकाने सोडलेला हक्क कंपनीला वापरता येत नाही, आणि तिचं नुकसान मग ती त्याच्याकडूनच मागू शकते.

‘क्लेम मिळाला की मग नोटीस पाठवू.’ इथे सर्वात जास्त प्रकरणं वाया जाऊ शकतात. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात कलम 16 नुसार वाहतूकदाराला लेखी नोटीस 180 दिवसांत द्यावी लागते, आणि हे दिवस मोजायचे ते माल बुक केल्याच्या तारखेपासून. सर्व्हेयरचा अहवाल तोवर आलेला असो वा नसो.