विश्लेषण : ‘ओसीडी’च्या उपचारांत आधी त्रास, मग गुण, असे का?

दाराला कुलूप लावले आहे, हे ठाऊक असते. तरीही जिन्यातून चार-पाचदा परत जाऊन ते ओढून पाहावे लागते. नको असलेला विचार आणि तो शमवण्यासाठी केलेली कृती, हे चक्र म्हणजे ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ (ओसीडी), मराठीत मंत्रचळ. त्यावर उपचार आहेत. पण अनेक रुग्ण ते अर्ध्यावरच सोडतात.

गोळ्यांचा गुण कधी येतो?

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ही औषधे प्रामुख्याने दिली जातात. नैराश्यावरही हीच औषधे वापरतात. मात्र ओसीडीत मात्रा बहुधा जास्त लागते आणि पुरेसा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. मळमळ, झोपेची तक्रार, बेचैनी मात्र सुरुवातीलाच जाणवू शकते. ‘औषध लागू पडत नाही’ असे वाटते ते याच टप्प्यावर. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बेचैनी फार वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

‘ईआरपी’ काय आहे?

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून ही थेरपी विकसित झाली. रुग्ण आपल्या भीतींची चढती यादी करतो आणि सोप्या पायरीपासून सुरुवात करतो. उदाहरणार्थ, दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल वाढते; पण हात न धुताही ती सहन होते आणि भीती वाटते तसे काही घडत नाही, हे हळूहळू अंगवळणी पडते. त्यामुळे सुरुवातीची सत्रे जड जातात.

घरच्यांनी काय करावे?

‘हो, हात स्वच्छ आहेत’ हे दहादा सांगितल्याने क्षणभर बरे वाटते आणि प्रश्न पुन्हा येतो. रागावल्यानेही तो थांबत नाही. किती आणि कधी उत्तर द्यायचे, हे थेरपिस्टसोबत ठरवावे.

सुधारणा कशी ओळखायची?

विचार पूर्ण थांबले का, एवढेच पाहू नये. हात धुण्यात जाणारे तीन तास एकावर आले, तर तीही सुधारणाच. बरे वाटल्यावरही गोळ्या साधारण वर्षभर तरी सुरू ठेवतात आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध आहे.