दोन देवळे आणि शिंद्यांचे घराणे

आमच्या गावाचे नाव वाडी रत्नागिरी. यात्रेकरू याला जोतिबाचा डोंगर म्हणतात. आवारात जोतिबाचे देऊळ आहे आणि शेजारीच केदारेश्वराचे आहे. दोन्ही देवळे शिंद्यांनी बांधली, असे आजोबा सांगतात. मला वाटायचे, शिंदे एकच असतील. मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "एक पणजोबांनी बांधले, दुसरे पणतवाने." ते कसे, ते मी सांगतो.

जोतिबाचे आत्ताचे देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधले. राणोजी सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. ते पेशव्यांच्या चाकरीत राहिले आणि पराक्रमाने मोठे सरदार झाले. उज्जैन हे त्यांचे ठाणे होते. जोतिबा शिंद्यांचे कुलदैवत. राणोजींच्या एका मुलाचे नावसुद्धा जोतिबाच होते!

राणोजींना पाच मुलगे. जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि धाकटे महादजी. १७४५ साली राणोजी वारले. पुढे १७५५ साली जयाप्पा नागोरला मारले गेले. १७६० साली दत्ताजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले. १७६१ साली पानिपतावर तुकोजी गेले आणि जयाप्पांचा मुलगा जनकोजीही गेला. एका घरातली किती माणसे गेली बघा.

महादजींच्या पायावर पानिपतात मोठा घाव बसला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवले. भिश्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि पुढे मोठ्या पदाला चढवले. पाय कायमचा अधू झाला, तरी महादजींनी दिल्लीपर्यंत दरारा बसवला. ते १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले.

महादजींना मुलगा नव्हता. भाऊ तुकोजी, त्यांचा मुलगा आनंदराव, आणि आनंदरावाचा मुलगा दौलतराव. या दौलतरावाला महादजींनी आपला वारस मानले. त्याच दौलतरावांनी १८०८ साली केदारेश्वराचे देऊळ बांधले. म्हणजे दोन देवळांत ७८ वर्षांचे अंतर आहे.

मला वडील नाहीत. मी काकांच्या घरी वाढतो. प्रगतिपुस्तकावर सही करायला काकाच येतात. काही पोरं मला "काकाचा" म्हणून चिडवतात. पूर्वी मला रडू यायचे. आता मी त्यांना दौलतरावांची गोष्ट सांगतो. चुलत आजोबांनी जवळ केले, म्हणून तर शिंद्यांचे घर पुढे चालले.

पालकांनो, देवळात आलात की दोन्ही शिखरे बघा आणि मुलांना ही नाती सांगा.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!

— इयत्ता चौथी