कळफलकांत मावलेला संगणक

आमच्या घरीं संगणक होता, पण तो घराचा नव्हता. चिरंजिवांच्या कचेरीचें काम त्यावर चाले, मुलांनीं त्यास स्पर्श करतांच "हात काढ, माझे कागद जातील!" अशी हांक येई. नातवंडांकरितां दुसरा घ्यावा म्हणून चौकशीस गेलों, आणि किंमत ऐकून तसेच परतलों. अशा वेळीं पुतण्यानें एक कळफलक आणून टीव्हीला जोडून दिला व म्हणाला, "काका, हाच संगणक." आम्हांस ती थट्टाच वाटली.

याचें नांव रास्पबेरी पाय ४००. केंब्रिज येथें संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांस यंत्र वापरतां येतें, परंतु त्यास स्वतः आज्ञा लिहून राबवितां येत नाहीं, ही उणीव एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना खटकली. मुलांच्या हातीं निर्धास्तपणें देतां येईल असा स्वस्त संगणक करण्याची खटपट त्यांनीं केली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं ३५ डॉलरांस तो विक्रीस आला. कळफलकाच्या रूपांतील आमचा प्रकार नोव्हेंबर २०२० चा. तेव्हां त्याची किंमत ७० डॉलर होती.

यास पंखा नाहीं, आवाज नाहीं. वीज फार तर १५ वॅट; जुन्या नळीच्या दिव्यास ४० लागत. फिनलंडांतील लिनस टॉर्वाल्ड्झ या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली त्यावर चालते व तिला मोल पडत नाहीं. पत्रें, हिशेब, वाचन, मुलांचे पायथनचे धडे, सर्व होतें. चिरंजिवांच्या कचेरीचा विंडोजवरील कार्यक्रम मात्र चालत नाहीं, आणि एकदम दहा पानें उघडलीं कीं यंत्र धापा टाकूं लागतें. सायंकाळच्या मालिकेच्या वेळीं टीव्हीसाठीं सौभाग्यवतींची परवानगी लागते ती वेगळीच.

आम्हांस खरा आनंद झाला तो इन्स्क्रिप्टच्या मांडणीचा. स्वर डाव्या हातीं, व्यंजनें उजव्या हातीं; क आणि ख एकाच कळीवर, तसेच ग आणि घ. अल्पप्राण-महाप्राणांचा संबंध ज्यानें घोकला आहे, त्याचीं बोटें पंधरवड्यांत वळतात. अमरकोशावरील आमचीं टिपणें आम्हीं त्यावर लिहूं लागलों.

चार महिन्यांनीं घात झाला. चूक सर्वस्वीं आमची. रेडिओ बंद करावा तसें भिंतीवरील बटण खटकन् दाबलें. यंत्राचा सारा संसार नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतो. लिहिणें चालू असतां वीज तोडली तर तें बिघडूं शकतें, हें पुतण्यानें बजावलें होतें. दुसऱ्या दिवशीं पडद्यावर कांहींच उमटेना. आम्ही दुकान गाठणार, तोंच सातवींतील नातीनें वडिलांच्या देखत त्या निषिद्ध संगणकावर लिनक्स उतरवून घेतलें व त्याच कार्डावर नव्यानें लिहिलें. तिचे हात जराही कांपत नव्हते. पूर्वीं हीच पोर त्या खोलीच्या दारांतून परत फिरे.

यंत्र उठलें, टिपणें गेलीं तीं गेलीं. तिनें सहज विचारलें, "आजोबा, दुसरी प्रत कोठें ठेवली आहे?" विद्यार्थ्यांना जन्मभर हाच प्रश्न विचारून आम्हीं छड्या दिल्या आहेत! आम्ही गप्प बसलों.

आतां रोज रात्रीं ती पेन ड्राइव्हवर प्रत काढल्याची खात्री करते, मगच आम्हांस झोपूं देते. टिपणें पुनः आरंभिलीं आहेत. स्वर्गवर्ग व व्योमवर्ग संपून सध्यां दिग्वर्ग चालू आहे.